दमसास : सुराची पुंजी

गणेशोत्सवात विठ्ठलाची आरती सुरू झाली, की तिच्यातील एका शब्दावर स्वर लांबविण्याची चढाओढ लागते. कोणाचा दम अधिक टिकतो हे पाहण्याची ही गंमत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि समुद्र ओलांडून ती आपल्या परदेशांतील मंडळांतही आली आहे. गंमत म्हणून ती गोडच आहे. परंतु गायनाचा अभ्यास आरंभणारा विद्यार्थी तिलाच दमसासाची कसोटी मानू लागला, तर त्याची वाट चुकते. छातीत मावेल तेवढी हवा भरावी आणि ती संपेपर्यंत स्वर ओढावा, हा गायनातील दमसास नव्हे. श्वास किती साठविला याहून तो कसा खर्चिला, यातच दमसासाचे मर्म आहे.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. शांत बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला सुमारे १२ ते २० वेळा श्वास घेतो आणि प्रत्येक वेळी साधारण अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते. पूर्ण श्वास घेऊन तो पूर्ण सोडला, तर हेच प्रमाण ३ ते ५ लिटरपर्यंत जाते. म्हणजे निसर्गाने दिलेले भांडवल बहुतेकांपाशी पुरेसे असते. उणीव असते ती खर्चाच्या शिस्तीची. हवेने भरलेली फुप्फुसे ताणलेल्या फुग्याप्रमाणे आपण होऊन आकसू पाहतात; श्वास जितका भरगच्च, तितका आकसण्याचा जोर अधिक. म्हणून तुडुंब श्वास घेणाऱ्या नवशिक्याचा स्वर आरंभी धक्क्याने फुटतो, बरीचशी हवा पहिल्या काही क्षणांतच निघून जाते आणि ओळीचा शेवट कोरडा पडतो. निष्णात गायक बरगड्या एकदम मिटू न देता, लगाम धरावा तसा हा जोर आवरून धरतो. हवेची दुसरी गळती कंठात होते. स्वरतंतू नीट जुळले नाहीत, तर स्वरासोबत नुसती हवाही वाहून जाते. स्वच्छ, एकसंध आकार लागला, की तोच श्वास अधिक काळ पुरतो, असा अनुभव येतो.

‘पोटातून गा’ हा उपदेश विद्यार्थ्याच्या कानी वारंवार पडतो. त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हवा पोटात जात नाही. फुप्फुसांखालचे श्वासपटल खाली उतरते, त्यामुळे पोटातील इंद्रिये किंचित सरकतात आणि पोट पुढे येते. एवढाच त्याचा अर्थ. मुद्दाम पोट फुगविल्याने काही साधत नाही. खांदे वर उचलून घेतलेला श्वास मात्र उथळ राहतो आणि मान व कंठ दोन्ही ताठरतो.

प्राणायाम करणाऱ्यास गायनाचा दमसास आपोआप साधतो, अशीही एक समजूत आहे. प्राणायामाने चित्त स्थिर होते व श्वासाकडे लक्ष देण्याची सवय लागते, हे खरे. तथापि गायनात कुंभकाला स्थान नाही. श्वास कोंडून मग स्वर लावला, की कंठ आवळतो आणि स्वरावर आघात होतो. गायकाने अभ्यासावयाचा तो रेचक, आणि तोही नादयुक्त.

नवशिक्याने आरंभ कसा करावा? प्रथम पाठीवर निजून पोटावर हलके पुस्तक ठेवावे आणि ते सावकाश वर-खाली होताना पाहावे. मग उभे राहून वा ताठ बसून ‘स्‌’ हा ध्वनी अखंड व एकाच जोराने सोडावा; तो शेवटी थरथरू लागला, की थांबावे. त्यानंतर तानपुऱ्याच्या साथीने आपल्या सोयीच्या पट्टीत षड्ज लावावा. दहा सेकंदांचा स्थिर षड्ज वीस सेकंदांच्या डळमळत्या षड्जापेक्षा मोलाचा. पुढे मंद्र सप्तकात उतरावे. मात्र खर्ज दाबून काढू नये. ‘सारेग, रेगम’ अशा अलंकारांत आधी प्रत्येक गटाला एक श्वास घ्यावा, नंतर दोन गट एका श्वासात म्हणावेत. श्वास पुरता संपण्याआधीच नवा घ्यावा. भोवळ आली वा आवाज बसू लागला तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी. दम्यासारखा विकार असेल तर वैद्यकीय सल्ला आधी घ्यावा.

यापुढची पायरी श्वासाच्या जागेची. ‘मनमोहन’ हा शब्द ‘मनमो’वर तोडून श्वास घेतला, तर शब्दाची हत्या होते आणि रसाचीही. बंदिश शिकताना बोल व ताल यांच्याबरोबर श्वासाच्या जागाही वहीत खुणा करून पाठ कराव्यात. समेच्या तोंडाशी धाप लागू नये म्हणून मुखड्याआधीची जागा विशेष जपावी. श्रोत्याच्या ध्यानी न येता श्वास कोठे व कसा घ्यावा, हे आपण संगीतकार अनिल विश्वास यांच्याकडून शिकलो, असे लता मंगेशकर कृतज्ञतेने सांगत.

दोन थोर उदाहरणे या विषयावर उत्तम प्रकाश टाकतात. जयपूर घराण्याच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचा भरदार आकार व दीर्घ दमसासाची गायकी विख्यात आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेल्या सुवर्णतबकडीवर त्यांचीच भैरवी आहे. याउलट कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांना ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. १९४८ साली ते हवापालटासाठी देवासला गेले आणि काही वर्षे त्यांना गाणे वर्ज्य होते. १९५३ च्या सुमारास ते मैफलीत परतले, तेव्हा एका फुप्फुसाची शक्ती जवळजवळ गेली होती. त्यांनी छोट्या, तेजस्वी स्वरवाक्यांची अशी गायकी घडविली, की त्यांतील विरामही बोलके झाले. एकाचा श्वास दीर्घ, दुसऱ्याचा तोकडा; पण दोघांनाही आपल्या श्वासाचे माप अचूक ठाऊक होते. ‘माझा दम पुरत नाही’ म्हणून वही मिटणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याने हे विसरू नये.

परदेशातील साधकापुढे काही निराळ्या अडचणी असतात. थंड देशांत हिवाळ्यात घरे तापविल्यामुळे खोलीतील हवा कोरडी होते व कंठ सुकतो. दिवसभर थोडे थोडे पाणी पिणे आणि खोलीत ओलावा राखणे हितावह. शेजाऱ्यांच्या संकोचाने पुष्कळजण कुजबुजल्यासारखे गातात. त्याने हवाच अधिक वाया जाते. त्यापेक्षा वेळ ठरवून, मध्यम पण मोकळ्या आवाजात गावे. गुरू मायदेशी आणि शिष्य परदेशी अशी शिकवणी आता इंटरनेटवरून चालते. त्यात कॅमेरा केवळ चेहरा दाखवितो, खांदे व बरगड्या गुरूला दिसतच नाहीत. म्हणून तो कमरेपर्यंतचे दिसेल असा ठेवावा. शिवाय भोवतालचा गलबला गाळणारी सोय लांबलेल्या षड्जालाही गलबला समजून मध्येच छाटते आणि शिष्याचा दम तुटला असे गुरूस वाटते. ती सोय धड्यापूर्वी बंद करावी.

घराण्याची तालीम सर्वांच्या वाट्यास येत नाही. वेळही बेताचाच असतो. परंतु रोजची दहा मिनिटे एकाग्रपणे षड्जाला दिली, तर काही महिन्यांत आपल्याच आवाजाची नवी ओळख पटते. द्रव्य मिळविण्यासाठी आपण दूरदेशी आलो आणि काटकसरीने संसार उभे केले. त्याच सद्‌गुणाची जोड श्वासाला दिली, तर आपल्या मुलाबाळांच्या कंठी मराठी गाणे केवळ हौसेपुरते न राहता विद्या म्हणून नांदेल.