शहराचा हिशेब, लेखांक 7 : बिनकर्जाचं कन्व्हेन्शन सेंटर

गेल्या लेखांकात स्टेडियमवर होणाऱ्या सार्वजनिक खर्चाचा विचार केला. या वेळचा विषय त्याच्या शेजारचाच आहे: कन्व्हेन्शन सेंटर. डॉक्टरांची वार्षिक परिषद, शेती अवजारांचं प्रदर्शन, शिक्षक संघटनांची अधिवेशनं असे हजारो माणसांचे कार्यक्रम भरवण्यासाठी शहराच्या पैशातून बांधलेली भव्य वास्तू. शिकागो किंवा लास वेगासला तिची गरज का पडते, हे सांगावं लागत नाही. पण पाच-सहा लाख वस्तीच्या शहराने ती बांधावी का? भर शहरातल्या महागड्या जागेवर बांधावी का? आणि ती परवडेल अशा खर्चात खरोखर होते का? अमेरिकेतल्या मध्यम शहरांत हा वाद अनेक वर्षं चालू आहे. त्यातलं एकच शहर आज नीट पाहू, कारण त्याने परवडण्याच्या प्रश्नावर इतरांपेक्षा वेगळा मार्ग काढला. ते शहर म्हणजे ओक्लाहोमा सिटी.

1980च्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि या शहराचं कंबरडं मोडलं. बँका बुडाल्या, शहराचा मध्यभाग ओस पडला. 1991 साली युनायटेड एअरलाइन्सला विमान दुरुस्तीचं मोठं केंद्र उभारायचं होतं. ओक्लाहोमा सिटीने सवलतींची भरघोस तयारी दाखवली, तरी कंपनीने इंडियानापोलिस निवडलं. आपल्या कर्मचाऱ्यांना इथे राहायला आवडणार नाही, असं कंपनीला वाटलं, ही गोष्ट त्या शहरात आजही सांगितली जाते. तेव्हाचे महापौर रॉन नॉरिक यांनी त्यातून निष्कर्ष काढला की कंपन्यांना सवलती देण्याआधी शहर राहण्याजोगं करायला हवं. डिसेंबर 1993 मध्ये नागरिकांनी मतदानाने एका योजनेला मंजुरी दिली. तिचं नाव मॅप्स.

मॅप्सची रीत साधी होती. शहरात होणाऱ्या प्रत्येक डॉलरच्या खरेदीवर एक सेंट जादा विक्रीकर, तोही ठरावीक मुदतीपुरता. त्यातून जमेल त्या पैशातच बांधकाम करायचं आणि कर्ज काढायचं नाही. मुदत संपली की कर बंद. नवी यादी हवी असेल तर पुन्हा लोकांसमोर जायचं. या पैशातून 1998 मध्ये बेसबॉलचं मैदान, 1999 मध्ये जुन्या गोदामांच्या वस्तीतून कालवा आणि 2002 मध्ये बंदिस्त क्रीडागृह उभं राहिलं. त्या क्रीडागृहामुळेच 2008 मध्ये एनबीएचा संघ शहरात येऊ शकला. सांगितलेलं काम झालेलं दिसलं, त्यामुळे लोकांचा या रीतीवर विश्वास बसला.

त्याच विश्वासावर 8 डिसेंबर 2009 रोजी मॅप्स 3 मतदानाला आलं. मुदत सात वर्षं नऊ महिने, उद्दिष्ट 77 कोटी 70 लाख डॉलर. यादीत होतं शहराच्या मध्यभागी मोठं उद्यान, ट्राम, नदीवर जलक्रीडेची सोय, ज्येष्ठ नागरिकांसाठी आरोग्य केंद्रं, पादचारी मार्ग. आणि सर्वांत मोठा एकटा खर्च होता नव्या कन्व्हेन्शन सेंटरचा, 28 कोटी डॉलर. शहराकडे असं सेंटर आधीपासून होतं. 1972 मध्ये मिरियड नावाने उघडलेलं आणि पुढे कॉक्स कन्व्हेन्शन सेंटर म्हणून ओळखलं गेलेलं. ते आता अपुरं पडतं, असं व्यापारी संघटनांचं म्हणणं होतं.

इथे मतदानाची एक बाब समजून घ्यायला हवी. मतपत्रिकेवर कामांची यादी नव्हती. प्रश्न एवढाच होता की शहरसुधारणेसाठी हा कर मंजूर आहे का. कामं कोणती, हे नगर परिषदेने वेगळ्या ठरावाने जाहीर केलं होतं. म्हणजे उद्यान हवं पण कन्व्हेन्शन सेंटर नको, असं म्हणण्याची सोय मतदाराला नव्हती. घ्यायचं तर सगळं, नाकारायचं तर सगळं. यादीतल्या कामांमध्ये कन्व्हेन्शन सेंटरच लोकांच्या सर्वांत कमी आवडीचं होतं, हे तेव्हाही उघडपणे बोललं जात होतं. पोलीस आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या संघटना तर पूर्ण योजनेच्याच विरोधात उतरल्या. आमच्याकडे माणसं कमी असताना शहर सभागृहं कसली बांधतं, असा त्यांचा सवाल होता. शेवटी महापौर मिक कॉर्नेट यांच्या बाजूने सुमारे 54 टक्के मतं पडली आणि योजना मंजूर झाली.

आता या रीतीची खरी ताकद पाहू. समजा, या सेंटरला शेवटी लागलेले 28 कोटी 80 लाख डॉलर पाच टक्के व्याजाने तीस वर्षांसाठी उचलले. दरवर्षीचा हप्ता सुमारे 1 कोटी 87 लाख होईल आणि फेड संपेपर्यंत एकूण 56 कोटींहून जास्त रक्कम जाईल. व्याज जवळजवळ मुद्दलाएवढं. मॅप्समध्ये हे व्याज शून्य आहे. शिवाय कर्ज काढलेल्या शहराला परिषदा आल्या नाहीत तरी हप्ता चुकत नाही. मग शाळा, रस्ते, पाणी यांच्या पैशांना हात लागतो. सेंट लुईस शहरात कन्व्हेन्शन सेंटरसाठी बांधलेलं मोठं हॉटेल 2003 मध्ये सुरू झालं. अपेक्षेएवढे पाहुणे आले नाहीत, कर्जाचे हप्ते भागेनात, आणि 2009 मध्ये ते रोखेधारकांच्या ताब्यात गेलं. ओक्लाहोमा सिटीने इमारतीपुरता तरी हा धोका स्वतःवर ओढवून घेतला नाही. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचं श्रेय त्या शहराला द्यायलाच हवं.

पण कर्ज नाही म्हणजे सगळं परवडलं, असं होत नाही. या प्रकल्पात बिल तुकड्यातुकड्याने येत गेलं.

पहिला तुकडा जागेचा. 2013 मध्ये नगर परिषदेने मोटारविक्रीच्या व्यवसायाखाली असलेली मध्यवर्ती जमीन निवडली. भूसंपादन सुरू झाल्यावर मालकांची अपेक्षा आणि शहराने धरलेली रक्कम यांत इतकी तफावत निघाली की 2015 मध्ये ती जागाच सोडावी लागली. अखेर नव्या उद्यानाच्या पूर्वेची, क्रीडागृहाच्या दक्षिणेची जागा ठरली. जागेच्या या घोळात मोलाची वर्षं गेली. भर शहरात बांधायचं म्हटलं की जमिनीचा भाव हा अंदाजपत्रकातला सर्वांत बेभरवशाचा आकडा असतो. मतदानाआधी जागा ठरलेली नसेल, तर जाहीर केलेल्या खर्चाला पक्का आधार नाही.

दुसरा तुकडा हॉटेलचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. परिषद भरवणाऱ्या संस्था शहर निवडताना आधी विचारतात, सेंटरला लागून एकाच छपराखाली किती खोल्या मिळतील? हॉटेल नसलेलं कन्व्हेन्शन सेंटर म्हणजे कार्यालय ठरवलं आणि जानवशाची सोयच केली नाही, अशी गत. हे जाणकारांना आधीपासून ठाऊक होतं. तरीही हॉटेलचा खर्च मॅप्स 3च्या आकड्यात नव्हता. खाजगी कंपनी स्वतःच्या हिमतीवर एवढं मोठं हॉटेल तिथे बांधायला तयार नसते, कारण परिषदा नसलेल्या दिवसांत खोल्या रिकाम्या राहतात. त्यामुळे 605 खोल्यांच्या ऑम्नी हॉटेलसाठी शहराला सुमारे साडेआठ कोटी डॉलरची सार्वजनिक मदत द्यावी लागली, तीही मॅप्सच्या बाहेरून. नगरसेवक एड शदीद हे या खर्चाचे सर्वांत कडवे टीकाकार होते. हॉटेलचा भार लोकांना आधी का सांगितला नाही, हा त्यांचा आक्षेप मला पूर्णपणे रास्त वाटतो. कन्व्हेन्शन सेंटर हवं असं मानणाऱ्यालाही हा प्रश्न टाळता येत नाही.

तिसरा तुकडा रोजच्या चालवण्याचा. दोन लाख चौरस फुटांचं प्रदर्शन दालन थंड-गरम ठेवणं, सुरक्षा, सफाई, कर्मचारी, दुरुस्ती हे सगळं आलंच. मॅप्सचा कर बांधकाम पूर्ण करून थांबतो, पुढचा खर्च थांबत नाही. कन्व्हेन्शन सेंटरं भाड्यातून स्वतःचा खर्च क्वचितच भागवतात. उलट मोठी परिषद मिळवण्यासाठी शहरं भाड्यात घसघशीत सूट देतात, कधी भाडंच माफ करतात. हॉटेलं आणि उपाहारगृहं भरली की कराच्या रूपाने पैसा परत येतो, हा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब बरोबर आहे का, यावर सर्वांत सखोल काम हेवूड सँडर्स या अभ्यासकाने केलं. ब्रुकिंग्ज इन्स्टिट्यूशनसाठी 2005 मध्ये लिहिलेल्या अहवालात त्यांनी दाखवलं की 1990 नंतर अमेरिकेतली प्रदर्शनाची जागा निम्म्याहून अधिक वाढली. कन्व्हेन्शन सेंटरांवरचा सार्वजनिक भांडवली खर्च दुप्पट होऊन वर्षाला 240 कोटी डॉलरवर पोहोचला आणि आणखी 44 शहरांत नवं किंवा वाढीव बांधकाम तयारीत होतं. परिषदा आणि त्यांना येणारी माणसं मात्र त्या वेगाने वाढत नव्हती. तेवढ्याच पाहुण्यांसाठी अधिक शहरं ओढाताण करू लागली, सवलती वाढल्या आणि प्रत्येकाचा वाटा घटला. 2014 मध्ये त्यांनी हाच मुद्दा पुस्तकरूपाने अधिक विस्ताराने मांडला. सल्लागार कंपन्यांचे अहवाल बहुधा बांधण्याच्याच बाजूने येतात, कारण ते एका शहराकडे सुटं पाहतात. सगळी शहरं एकाच वेळी हेच करत आहेत, हे त्या अहवालात दिसत नाही.

याच्या उलट बाजूला नॅशव्हिलचं उदाहरण देतात. तिथलं म्युझिक सिटी सेंटर 2013 मध्ये उघडलं. ते कर्ज काढून बांधलं, पण फेड मुख्यतः हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांच्या करातून होते, आणि ते चांगलं चाललं. मात्र नॅशव्हिलला संगीताचं आकर्षण आधीच होतं. लोक तिथे तसेही जात होते, सेंटरमुळे परिषदांना तिथे जागा मिळाली. इमारत बांधल्याने शहराला आकर्षण येत नाही. आकर्षण असलेल्या शहराला इमारतीचा उपयोग होतो. मध्यम शहरांनी हा क्रम उलटा केला की तिजोरीवर ताण येतो.

मग ओक्लाहोमा सिटीत शेवटी काय झालं? 28 कोटी 80 लाख डॉलर खर्चून नवं सेंटर तयार झालं आणि 2021च्या सुरुवातीला उघडलं. तेव्हा जगभर साथीमुळे परिषदा बंद होत्या. कर्जावर बांधलेल्या शहरावर अशा वेळी पहिल्याच वर्षी हप्त्यांचं संकट आलं असतं. इथे इमारतीचे पैसे दिलेले होते, त्यामुळे थांबणं शक्य झालं. समोरचं नवं उद्यान, सिझरटेल पार्क, लोकांच्या रोजच्या वापरात आलं. आणि 1972चं जुनं सेंटर? त्यात काही काळ चित्रपटांचा स्टुडिओ चालला. मग डिसेंबर 2023 मध्ये नागरिकांनी किमान 90 कोटी डॉलरच्या नव्या क्रीडागृहाला मंजुरी दिली आणि त्यासाठी ती जुनी इमारत पाडण्यात आली. म्हणजे अशा वास्तूचं उपयोगी आयुष्य साधारण पन्नास वर्षं. एका पिढीने बांधलेलं पुढची पिढी पाडते, हे धरूनच खर्च ठरवला पाहिजे.

एक गोष्ट मात्र बिनकर्जाच्या रीतीतही टोचते. ओक्लाहोमात किराणा मालावरही विक्रीकर लागत होता. श्रीमंताच्या उत्पन्नातला किराण्याचा वाटा लहान, गरिबाचा मोठा. म्हणजे ज्यांना परिषदेचं निमंत्रण कधी येणार नाही, त्यांनी आपल्या मिळकतीच्या मानाने अधिक भार उचलला. 2019 मध्ये मंजूर झालेल्या मॅप्स 4 मध्ये बेघरांसाठी घरं, मानसिक आरोग्य आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या पीडितांसाठी केंद्र अशी कामं आली, आणि त्याला 70 टक्क्यांहून अधिक मतं मिळाली. कर भरणाऱ्यांच्या गरजा यादीत आल्या तेव्हा पाठिंबाही वाढला, असं मी या आकड्यांतून वाचतो.

आपल्या वाचकांसाठी हा परदेशी किस्सा का महत्त्वाचा? महाराष्ट्रातल्या महापालिकांकडे असा स्थानिक विक्रीकर लावण्याचा अधिकार नाही. जकात गेली, एलबीटी गेला आणि जीएसटीनंतर शहरं राज्याच्या भरपाईवर आणि मालमत्ता करावर अवलंबून आहेत. एखाद्या इमारतीसाठी सार्वमत घेण्याची पद्धतही आपल्याकडे नाही. त्यामुळे ओक्लाहोमाची रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण तिच्या मागचं तत्त्व कुठल्याही शहराला लागू आहे. कोणत्या खिशातून, किती वर्षं आणि कोणत्या कामाऐवजी हा पैसा जाणार, हे आधी सांगायचं. जमीन, इमारत, हॉटेल, रोजचा तोटा आणि पन्नास वर्षांनंतरची पाडापाडी, या पाचही रकमा एकाच कागदावर, एकाच दिवशी लोकांसमोर आल्या पाहिजेत. ओक्लाहोमा सिटीने पाचांपैकी एकच रक्कम चोख सांगितली आणि चोख फेडली. तेवढ्यानेही ते शहर इतर अनेक शहरांपेक्षा सुरक्षित राहिलं. पाचही सांगितल्यावर लोक हो म्हणाले, तरच ते सेंटर परवडलं असं म्हणता येईल. नाही म्हणाले, तर वाचलेल्या पैशाचं काय करायचं हेही त्यांनाच ठरवू द्यावं.

पुढच्या लेखांकात मॅप्स 3 मधल्याच दुसऱ्या कामाकडे वळू. मोटारीवाचून पान न हलणाऱ्या शहराने ट्राम का सुरू केली, आणि तिचं तिकीट कोणाला परवडतं?