पत्र्याआड कुजणारे लाकूड

जुन्या पद्धतीची ट्रकची केबिन आणि मोटारीमागे ओढले जाणारे फिरते घर, म्हणजे कॅरॅव्हॅन, यांची बांधणी बरीचशी सारखी असते. आत लाकडी दांडक्यांचा सांगाडा, बाहेर पत्रा, आतल्या बाजूने प्लायवूड किंवा रेक्झिन. मालट्रकच्या हौद्यातही फळ्यांवर अनेकदा पत्रा ठोकलेला असतो. पुणे–सोलापूर महामार्गावर दौंड तालुक्यातून जाणाऱ्या जुन्या गाड्यांची केबिन अशीच गॅरेजात बांधलेली असे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून मुक्कामाच्या गाड्यांचे आकर्षणही वाढले आहे. या सगळ्या वाहनांचा समान शत्रू म्हणजे पत्र्याआड, नजरेआड कुजणारे लाकूड.

दौंड आणि शिरूर हे पर्जन्यछायेतले तालुके. दौंडला वर्षाकाठी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा परतीच्या सरींचा. एप्रिल-मेमध्ये उघड्यावरच्या लाकडात दहा टक्केही ओल उरत नाही. अशा हवेत लाकूड कुजायचे कारण नाही, तरी ते कुजते, कारण पत्र्यामागच्या लाकडाला वाळवणारी खेळती हवा मिळतच नाही. बोल्टच्या भोकातून, काचेच्या कडेच्या वाळलेल्या रबरातून, छपराच्या कोपऱ्यावरच्या फटीतून पाणी आत झिरपते आणि उन्हाळा येईपर्यंत तिथेच राहते. भीमा आणि घोड नद्यांच्या काठच्या ऊसपट्ट्यात ओला ऊस, हिरवा चारा, शेणखत वाहून झाल्यावर हौदा पाइपाने धुतात. त्यातले बरेच पाणी फळ्यांच्या टोकांतून आत शिरते. लाकडात पाणी धाग्याच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा कित्येक पटींनी वेगाने सरकते. म्हणून कुजण्याची सुरुवात बहुधा कापलेल्या टोकाशी किंवा सांध्यात होते.

कुजवते ती बुरशी. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात, त्यांना अडवता येत नाही. लाकूड, हवा आणि ऊब हेही तिला नेहमीच मिळते. माणसाच्या हाती उरते ते फक्त पाणी. लाकडात वीस टक्क्यांपेक्षा कमी ओल असेल तर बुरशी वाढत नाही. ओल सुमारे अठ्ठावीस-तीस टक्क्यांपर्यंत पोचली की पेशीभित्ती पाण्याने संपृक्त होतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते. एकदा रुजलेली बुरशी लाकूड वाळले तरी लगेच मरत नाही. ती सुप्त राहते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कामाला लागते. उलट, पूर्ण पाण्याखालच्या लाकडाला हवाच मिळत नसल्याने ते सहसा कुजत नाही. बैलगाडीसाठी तोडलेली बाभळ पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत याच तत्त्वावर टिकून होती. शिवाय पाण्यात लाकडातले पिष्ट आणि साखर निघून गेल्याने किडीचे आकर्षणही कमी होई.

लाकूड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचे बनलेले असते. पांढऱ्या कुजीची बुरशी लिग्निनही खाते, त्यामुळे लाकूड फिकट, धागेदार, स्पंजासारखे होते. तपकिरी कुजीची बुरशी लिग्निन जवळपास तसेच ठेवून सेल्युलोज फोडते. असे लाकूड काळपट तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत तडकते आणि बोटांनी चुरडले तर भुकटी होते. वाहनाच्या दृष्टीने ही दुसरी जास्त घातक. अखंड पेशीभित्तीत शिरण्यासाठी बुरशीचे विकर फार मोठे पडतात, म्हणून ती आधी रासायनिक हल्ला करते. तिच्या स्रावातले ऑक्झॅलिक आम्ल लोह विरघळवते, त्याची हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडते आणि तयार झालेले अतिक्रियाशील हायड्रॉक्सिल कण सेल्युलोजच्या साखळ्या तोडतात. या तोडफोडीत वजन दहा टक्क्यांनीही घटण्याआधी लाकडाची निम्म्याहून अधिक ताकद गेलेली असू शकते. दांडके बाहेरून धड दिसते, ठोकले तर जरा बद्द वाजते, आणि एखाद्या खड्ड्यात गाडी आदळली की तुटते. गंजलेल्या बोल्टभोवतीचा काळा डाग मात्र वेगळा: तो लाकडातल्या टॅनिन आणि लोहाच्या संयोगाने पडतो. पण तिथे ओल पोचली आहे, हे तो नक्की सांगतो.

वाळवी आणि भुंगा यांचे काम बुरशीहून निराळे. वाळवी मातीच्या नळ्या बांधते, भुंग्याच्या छिद्राखाली पीठ पडते, कुजीत यांपैकी काहीच दिसत नाही. टोचा मारून पाहिला तर निरोगी लाकडात तो थोडाच रुतून लांब कपची काढतो, कुजलेल्यात सहज आत जातो आणि आखूड तुकडा मोडून येतो. ओलीचे मीटर नसेल तर साध्या तराजूवर भागते. लाकडाची चकती वजन करून १०३ अंश सेल्सिअसला, वजन स्थिरावेपर्यंत वाळवायची आणि घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागायचे. १२० ग्रॅमची चकती १०० ग्रॅमवर आली तर ओल वीस टक्के. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातांनी काम करत शिकण्याची तिथली पद्धत पाहता हा प्रयोग शाळकरी मुलांच्या शिक्षणातही शोभेल असा आहे.

दुरुस्तीची सुरुवात पाण्याच्या वाटेपासून करावी लागते. आतले प्लाय उघडून डाग कुठून कुठे ओघळला ते पाहायचे, मग छपरावर थोडे थोडे पाणी सोडून आत कुठे उगवते ते शोधायचे. हा टप्पा वगळून नवी फळी ठोकली की तीही काही वर्षांत कुजते. गाडी परत घ्यायची घाई असते, पैसेही फळीचेच मोजले जातात, म्हणून तो सर्वाधिक वगळला जातो. नंतर कुजलेला भाग काढायचा आणि धाग्याच्या दिशेने आणखी एक ते दोन फूट चांगले दिसणारे लाकूडही काढायचे, कारण बुरशीचे धागे दिसणाऱ्या सीमेपलीकडे पोचलेले असतात. कुजलेल्या जागेवर नुसते पातळ इपॉक्सी ओतणे ही फसवी दुरुस्ती आहे: ते वरचा थर कडक करते आणि ओल आत कोंडते.

नवा तुकडा आडव्या टोकाला टोक लावून चिकटवला तर जोड फार कमी ताकदीचा होतो. दोन्ही टोके तिरकी रंधून, जाडीच्या आठ ते बारा पट लांबीचा उतार देऊन चिकटवली तर ताकद मूळ लाकडाच्या जवळ जाते. म्हणजे दोन इंच जाडीच्या दांडक्याला सोळा ते चोवीस इंचांचा जोड. लाकूड सागाचे, तेही गाभ्याचे असावे. बाहेरचे फिकट लाकूड सागाचे असले तरी टिकत नाही. आंबा ओलीच्या जागी वापरूच नये. तळासाठी आयएस ७१० प्रतीचे मरीन प्लाय घ्यावे. उकळत्या पाण्यातही न सुटणारा डिंक चांगलाच, पण डिंक टिकला तरी पापुद्रे कुजू शकतात, म्हणून या प्रतीत त्यांनाही संरक्षक द्रव्य दिलेले असते. त्याच्याही कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद कराव्यात.

संरक्षणासाठी बोरॅक्स आणि बोरिक आम्ल सोपे. दोन्ही एकत्र घातले की पाण्यात एकेकट्यापेक्षा जास्त विरघळतात आणि ओलसर लाकडात खोलवर पसरतात. मात्र पावसात धुऊन जात असल्याने वर रंगाचा थर लागतोच. उघड्यावरच्या लाकडासाठी जॉन बेथेल यांनी १८३८ मध्ये पेटंट घेतलेली क्रिओसोटची रीत रेल्वेने स्लीपरांसाठी जगभर वापरली. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण शोधले. १९३३ मधले हे भारतीय संशोधन पुढे जगभर पोचले. आर्सेनिकमुळे आता घरगुती वापरात ते अनेक देशांत टाळले जाते.

पत्रा परत बसवताना सांध्यात ब्यूटाइलची पट्टी घालावी. ती वर्षानुवर्षे मऊ राहते आणि गाडीच्या हादऱ्यांबरोबर ताणते. तळाशी पाणी निघायला भोके आणि पत्रा-लाकडामध्ये हवेची फट ठेवावी. मुक्कामाच्या गाडीत श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ थंड पत्र्यावर दवासारखी जमते, म्हणून खेळती हवा हवीच. पहिली तपासणी ऑक्टोबरात, परतीचा पाऊस ओसरल्यावर. काढलेले जुने लाकूड क्रिओसोटचे काळे, डांबरी वासाचे किंवा आर्सेनिक मिश्रणाचे हिरवट असेल तर ते चुलीत किंवा पाणी तापवायच्या बंबात जाळू नये. त्याचा धूर विषारी असतो आणि आर्सेनिक राखेतही उरते.