स्ट्रोक वाढवण्याआधी: ओढ, ताकद आणि हिशेब

मागच्या व्याख्यानानंतर सांगलीचा एक तरुण भेटला. म्हणाला, "सर, साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना आई मागे बसली की बुलेट दम टाकते. स्ट्रोक वाढवून घेऊ का?" मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण बुलेटही बरीच वर्षं चालवली. म्हणून उत्तर देतो.

पिस्टन वरपासून खालपर्यंत जेवढं अंतर जातो तो स्ट्रोक आणि सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर. जुन्या ३५० बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. त्यातून ३४६ सीसी होतात. स्ट्रोक १०० केला तर ३८५. क्रँकची तरफ ४५ वरून ५० मिलिमीटर होते. लांब पान्याने घट्ट नट सुटतो ना, तसंच हे. सिलिंडर पूर्वीइतकाच नीट भरला तर ओढ, म्हणजे टॉर्क, सुमारे ११ टक्के वाढते.

पण ओढ म्हणजे ताकद नव्हे. ताकद म्हणजे ओढ गुणिले फेरे. मिनिटाला ५५०० फेऱ्यांना ९०च्या स्ट्रोकचा पिस्टन सेकंदाला सरासरी साडेसोळा मीटर धावतो, तर १००चा १८.३ मीटर. पिस्टनचा हा सरासरी वेग वाढू द्यायचा नसेल तर ४९५० फेऱ्यांवर थांबायला हवं. म्हणजे ओढीत ११ टक्के मिळवले आणि फेऱ्यांत १० टक्के सोडले. कमाल ताकद जवळपास होती तिथेच! बुलेट ५०० निघाली तेव्हा स्ट्रोक ९०च राहिला आणि बोअर ८४ झाला, हे लक्षात घ्या.

लांब स्ट्रोकचा खरा उपयोग हळू फिरून ओढण्यात असतो. साताऱ्यात कूपरांच्या कारखान्यात १९३०च्या दशकापासून डिझेल इंजिनं होऊ लागली. पाणी उपसणाऱ्या तशा इंजिनांना ओढ हवी होती, घाई नव्हती.

तरी करायचंच असेल, तर कागदावर आधी साखळी मांडा. पिस्टन आता ५ मिलिमीटर जास्त वर येणार, म्हणजे हेडवर आपटणार. सिलिंडरखाली तेवढ्या जाडीची प्लेट घातली तर पुशरॉडही तेवढेच लांब हवेत. खालच्या टोकाला पिस्टन सिलिंडरबाहेर डोकावतो का, फ्लायव्हीलला लागतो का, ते बघा. कॉम्प्रेशन साडेसहा असेल तर सातच्या वर जाईल. क्रँकचं बॅलन्सिंग नव्याने करावं लागेल, कार्बोरेटरचे जेट बदलावे लागतील आणि क्लच वाढीव ओढ पेलतो का तेही पाहावं लागेल. इंजिन बंद करण्याआधी पिस्टनवर मुलांच्या खेळातली क्ले ठेवा, हेड बसवून क्रँक हाताने फिरवा आणि दबलेल्या थराची जाडी मोजा. हे न केल्यामुळे पहिल्याच किकला पिस्टन वाल्ववर आपटलेला मी पाहिला आहे. तो पैशांवर निभावला. वळणावर रॉड तुटला आणि मागचं चाक जाम झालं, तर पैशांवर निभावत नाही. आणि मागे आई बसलेली आहे.

शिवाय नोंदणीपुस्तकातली सीसी बदलते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ इथे आडवं येतं, अपघात झाला तर विमाही अडू शकतो.

मी त्याला विचारलं, "तुला पळायचंय की चढायचंय?" म्हणाला, "चढायचंय." मग आधी टॅपेट, वाल्व, रिंगा, क्लच तपासून घे. त्यानंतर पुढचं चेनचं दातेरी चाक १७ दातांचं असेल तर १६चं लाव. चाकावरची ओढ ६ टक्के वाढेल. सपाटीवरचा वेग थोडा जाईल, पण इंजिन खोलावं लागणार नाही. तेवढ्यावरही घाट जड गेला, तर हा कागद घेऊन चांगल्या लेथवाल्याकडे जा.