पेनड्राइव्ह रिकामा? थांबा, ‘फॉरमॅट’ म्हणू नका!

मार्च २०२३ ची गोष्ट. आमच्या बचत गटात आम्ही बारा जणी, आणि मी सचिव. दुसऱ्या दिवशी बँकेत कर्जाची फाइल द्यायची होती, म्हणून हिशेबाच्या प्रिंट काढायला संध्याकाळी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने पेनड्राइव्ह लावला, जरा इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘काकू, यात तर काहीच नाहीये.’’

काहीच नाही म्हणजे? चौदा महिन्यांची बचत, कुणी किती कर्ज उचललं, कुणाचे किती हप्ते राहिले, सगळं त्यातच होतं! आधी मी जाड रजिस्टरमध्ये लिहायचे. भाच्याने एक्सेल शिकवलं आणि मला शिंगं फुटली. रजिस्टर गेलं कपाटात. आता स्क्रीनवर एकच चित्र दिसत होतं, पेनड्राइव्हच्याच नावाचं, कोपऱ्यात छोटासा बाण असलेलं. त्यावर क्लिक केलं की एरर! मुलगा म्हणाला, ‘‘व्हायरस आहे. फॉरमॅट मारून देऊ का? नव्यासारखा होईल.’’

मला फॉरमॅटमधलं काही कळत नव्हतं, पण ‘नव्यासारखा’ या शब्दानेच पोटात गोळा आला. ‘‘राहू दे बाबा,’’ म्हणून पेनड्राइव्ह घेतला आणि घरी आले. तो ‘नको’ माझ्या तोंडून कसा निघाला, कुणास ठाऊक. पण तोच कामाला आला.

रात्री डोळ्याला डोळा नाही. स्वतःचे पैसे असते तर एक वेळ सोसलं असतं. हे बारा घरांतले, कुणी भाजी विकून, कुणी शिलाई करून बाजूला काढलेले. ‘व्हायरसने खाल्ले’ हे सांगून पटणार होतं कुणाला? हिशेबावरून मोडलेला एक गट आमच्या मागच्याच आळीत होता. त्यातल्या दोघी जावा अजून एकमेकींशी बोलत नाहीत.

सकाळी भाचा आला. त्याने चहाही घेतला नाही, आधी कॉम्प्युटर लावला. त्या बाणवाल्या चित्राला हात न लावता पेनड्राइव्हच्या नावावर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं. तिथे वापरलेली जागा दाखवत होती, पाऊण जीबी. म्हणाला, ‘‘मावशी, रिकाम्या डब्याला वजन असतं का? माल आतच आहे, फक्त लपवलाय.’’

मैत्रिणींनो, ही पहिली परीक्षा लक्षात ठेवण्यासारखी आहे. जागा भरलेली दिसते आणि फाइली दिसत नाहीत, म्हणजे बहुतेक वेळा त्या पुसलेल्या नसतात. हा ‘शॉर्टकट व्हायरस’. तो आपल्या फोल्डरवर ‘लपलेला’ आणि ‘सिस्टिमचा’ असे दोन शिक्के मारतो आणि त्यांच्या जागी स्वतःचा बाणवाला शॉर्टकट ठेवतो. आपण बिचारे त्यावर क्लिक करतो, तसा तो आधी स्वतः चालू होतो आणि त्या कॉम्प्युटरमध्येही जाऊन बसतो. मग तिथे लावलेला पुढचा प्रत्येक पेनड्राइव्ह बाटतो. २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून पेनड्राइव्ह लावल्याबरोबर त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालू होणं बंद झालं. तेव्हापासून ही मंडळी आपल्याच बोटाची वाट बघत असतात!

भाच्याने फोल्डर दाखवण्याच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी केल्या. ‘शो हिडन फाइल्स’ चालू केलं, आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ पुढची खूण काढली. ही दुसरी खूण बरेच जण विसरतात आणि ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणून सोडून देतात. लगेच माझे फोल्डर दिसायला लागले, पुसट, धुक्यातून आल्यासारखे. ते आधी कॉम्प्युटरवर कॉपी केले. शिक्के कायमचे उतरवायला ‘अॅट्रिब’ नावाची एक आज्ञा असते, ती त्याने नंतर दिली. मग विंडोजमध्येच फुकट मिळणाऱ्या डिफेंडरने पेनड्राइव्ह आणि कॉम्प्युटर दोन्ही तपासले. फॉरमॅट केला तो सगळ्यात शेवटी.

फाइल खरोखरच डिलीट झाली असेल तर गोष्ट वेगळी. पेनड्राइव्हवरची डिलीट केलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही. पण तिचा मजकूरही लगेच पुसला जात नाही. डब्यावरची चिठ्ठी फाटते, आतलं धान्य तसंच असतं. ‘हा डबा मोकळा आहे’ असं कॉम्प्युटर धरून चालतो एवढंच. त्यात नवीन काही ओतलं की जुनं गेलं! म्हणून त्या क्षणापासून त्यावर एक फोटोसुद्धा टाकायचा नाही. ‘रिकुव्हा’ किंवा ‘फोटोरेक’ हे फुकट मिळणारे प्रोग्रॅम अशा फाइली पुष्कळदा परत काढतात. काढलेल्या फाइली मात्र त्याच पेनड्राइव्हवर ठेवायच्या नाहीत. ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा निरोप आला तर घाबरून हो म्हणू नका, आधी कॅन्सल. घाईने ‘क्विक फॉरमॅट’ झालाच असेल तरी थोडी आशा असते, पूर्ण फॉरमॅटनंतर नाही.

मोबाइलच्या मेमरी कार्डालाही हेच लागू. फक्त कार्ड फोनमध्ये ‘इंटर्नल’ म्हणून जोडलेलं असेल, तर ते दुसऱ्या फोनमध्ये वाचता येत नाही. फोन बिघडण्याआधीच फोटो बाहेर काढलेले बरे.

आमच्याकडे तेरा महिने सहीसलामत निघाले. फेब्रुवारीची शीट मात्र उघडेचना. ती माझी करणी. घाईत ‘इजेक्ट’ न करता मी पेनड्राइव्ह उपटला होता, तेव्हा लिहिणं अर्धवट राहिलं असणार. मग बाराही जणींना दुपारी पासबुकं घेऊन बोलावलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. ओट्यावर बसून एकेकीचा फेब्रुवारी आम्ही पुन्हा लिहिला. एकीच्या पासबुकात शंभर रुपयांची नोंदच नव्हती. ती म्हणाली, भरलेत. मला आठवेना. शेजारची म्हणाली, ‘‘अगं, माझ्यासमोरच तर दिलेन, सुटे नव्हते म्हणून नोट बदलून घेतली होती!’’ लिहून घेतले. बेरीज बँकेतल्या शिलकेशी शंभरच्या शंभर जुळली, तेव्हा कुठे मी घोटभर पाणी प्यायले. बँकेत एक दिवस उशिरा गेलो, इतकंच.

आता दर बैठकीनंतर फाइल तीन ठिकाणी जाते: कॉम्प्युटरवर, पेनड्राइव्हवर आणि कोषाध्यक्ष बाईंच्या ई-मेलवर. झेरॉक्सच्या दुकानासाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवलाय, त्यात प्रिंटची फाइल सोडून काही नसतं. तो विकत घेताना जत्रेत एक जण ‘दोन टीबी, फक्त तीनशे रुपये’ म्हणून ओरडत होता. भाच्याने हात धरून पुढे नेलं. असल्यांमध्ये जागा खरी थोडीच असते, खोटी मोठी दाखवलेली. भरली की पुढच्या फाइलींची नावं दिसतात, पण त्या उघडत नाहीत, आणि त्या परत मिळवायला कुठलाच प्रोग्रॅम कामाचा नाही. आणि हो, जाड रजिस्टरही कपाटातून बाहेर काढलंय. त्याला वाळवी लागते, पण ती निदान डोळ्यांना दिसते!