सायकल दुरुस्तीची सामाईक कार्यशाळा : वर्गणी कशाची, सेवा कोणाची?

सायकल दुरुस्तीचा धंदा आमच्या वाचकांना नवा नाही. गिऱ्हाईक सायकल आणून लावतो, मिस्त्री पंक्चर काढतो किंवा चाकाचा आऊट काढतो आणि मजुरी घेतो. युरोप-अमेरिकेत याच कामाची आणखी एक पद्धत गेल्या काही दशकांत रुजली आहे. तेथे पाना गिऱ्हाइकाच्याच हाती दिला जातो. दुरुस्ती त्याने करायची आणि जाणकाराने शेजारी उभे राहून दाखवायचे. अशा जागेला सामाईक कार्यशाळा म्हणता येईल. तिचा व्यवहार कसा चालतो आणि आपल्या कारागिरांनी त्यातून काय घ्यावे, ते आम्ही येथे मांडत आहोत.

फ्रान्समधील ग्रनोबल शहरात १९९४ साली अशी एक कार्यशाळा निघाली. पुढे त्या देशात गावोगावी अशा कार्यशाळा उभ्या राहिल्या आणि २०१० मध्ये त्यांचा देशव्यापी संघ स्थापन झाला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे ‘बाईक किचन’ ही कार्यशाळा २००३ मध्ये सुरू झाली.

आता वर्गणीचा प्रश्न. सभासद जे पैसे भरतो, ती दुरुस्तीची मजुरी नसते. ठरलेल्या मुदतीसाठी, बहुधा वर्षभरासाठी, त्याला स्टँड, पाने, हवेचा पंप आणि जाणकाराचा सल्ला मिळतो. लोकांनी दिलेल्या किंवा भंगारात निघालेल्या सायकली कार्यशाळा गोळा करते. ज्या चालू होण्यासारख्या असतात त्या दुरुस्त होतात. बाकीच्यांचे फ्रीव्हील, पेडल, ब्रेक, रिम सुटे करून सभासदांना स्वस्तात दिले जातात. फ्रान्समध्ये या कार्यशाळा बहुधा नोंदणीकृत संस्था असतात. सभासदांची वार्षिक सभा भरते, तेथे हिशेब मांडला जातो आणि कार्यकारिणी निवडली जाते. शिल्लक राहिली तरी ती वाटून घेता येत नाही, संस्थेच्याच कामी लागते.

दुसरा घटक स्वयंसेवकाचा. तो आठवड्यातून ठरावीक तास देतो. त्याचे पहिले काम शिकवण्याचे असते. सभासदाची सायकल त्याने स्वतः दुरुस्त करून द्यायची नाही, हा या कार्यशाळांचा मूळ नियम. याशिवाय सुटे भाग निवडणे, हत्यारे जागेवर लावणे, वही लिहिणे ही कामेही तोच करतो. प्रत्येकाला छर्रे बदलता आलेच पाहिजेत असे नाही. काही कार्यशाळा फक्त महिलांसाठी वेगळी वेळ राखतात.

मुलांसाठीही एक योजना आहे. १९८४ साली स्थापन झालेल्या, अमेरिकेतील बोस्टन शहरातल्या ‘बाईक्स नॉट बॉम्ब्स’ या संस्थेने १९९० मध्ये ती सुरू केली. मुलाने ठरलेला अभ्यासक्रम पुरा करायचा, एक जुनी सायकल पूर्ण उघडून पुन्हा जोडायची आणि शेवटी ती आपली म्हणून घरी न्यायची. काय शिकायचे आणि शेवटी काय मिळायचे, हे पहिल्याच दिवशी ठाऊक असते.

आमच्या मते आपल्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. आपल्याकडे उस्ताद-शागिर्दाची रीत जुनी आहे आणि तिने हजारो हातांना हुन्नर दिले. पण शागीर्द किती दिवस शिकेल, काय शिकेल आणि मजुरी केव्हापासून मिळेल, हे बहुधा कोणी लिहून ठेवत नाही. मग पोरगा वर्षानुवर्षे पंक्चरच काढत राहतो आणि चाक बांधायची वेळ आली की उस्ताद स्वतः बसतो. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास २०१६ च्या कायदा दुरुस्तीने बंदी घातली आहे. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करण्यापुरती सवलत आहे, तीही धोक्याच्या कामांना नाही. त्यावरच्या शागिर्दासाठी एका कागदावर चार ओळी लिहिल्या, तर उस्तादाचे काही जात नाही आणि घराण्याला भरवसा वाटतो.

अशी कार्यशाळा आपल्या वस्तीत निघाली तर दुकानदाराचे पोट मारले जाईल का? ही शंका रास्त आहे. स्वयंसेवक फुकटात ओव्हरहॉलिंग करून देऊ लागले, तर मिस्त्रीची मजुरी पडेल यात संशय नाही. म्हणूनच ‘करून देणार नाही, शिकवू’ हा नियम दुकानदाराचेही रक्षण करतो. ज्याला वेळ आहे पण पैसा नाही, तो कार्यशाळेत येतो. ज्याला सकाळी सायकल देऊन संध्याकाळी न्यायची आहे, तो दुकानातच जाणार. शिवाय घरात गंजत पडलेली सायकल एकदा रस्त्यावर आली की, तिला टायर-ट्यूब आणि ब्रेकचे रबर लागतेच.

कोणा जमातीला किंवा तरुण मंडळाला हे करायचे असेल, तर संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासद मिळून संस्था नोंदवता येते. हत्यारांची, सुट्या भागांची आणि स्वयंसेवकांच्या तासांची अशा तीन वह्या पहिल्या दिवसापासून असाव्यात. सभासदाने दुरुस्त केलेल्या सायकलचे ब्रेक आणि चाकांचे नट जाणकाराने तपासल्याशिवाय ती बाहेर जाऊ देऊ नये. चोरीची सायकल आत येऊ नये म्हणून देणाऱ्याचे नाव-पत्ता नोंदवून सही घ्यावी.

आणि सर्वांत आधी वस्तीतल्या मिस्त्रीला बोलवावे. शिकवण्याच्या तासांचे मानधन त्याला वर्गणीतून द्यावे. बाकीच्यांची सेवा फुकट असली, तरी ज्याचे पोट या हुन्नरावर आहे, त्याच्याकडून ती फुकट मागू नये.