अक्कांचा जुना प्रिंटर

गेल्या सुट्टीत आम्ही इंग्लंडला, क्रॉयडन येथे आमच्या चुलत अक्कांकडे उतरलो होतो. 1970 च्या दशकात मॉरिशसमधून ज्या मुली परिचारिका होण्यासाठी तिकडे गेल्या, त्यांतल्याच आमच्या अक्का. त्यांच्या यजमानांनी 1986 साली घराण्याची हकिकत लिहून ठेवली होती. कोकणातून कोण आले, कोणत्या जहाजाने आले, कोणत्या मळ्यावर राहिले, सारे काही. यजमान आता नाहीत. ज्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहिले, तेही नाहीत. छापलेली प्रत घर बदलताना हरवली. उरली ती सव्वापाच इंची एक फ्लॉपी, आणि पोटमाळ्यावर बीबीसी मायक्रो संगणक व एप्सन एफएक्स-80 प्रिंटर.

हा संगणक केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने 1981 मध्ये काढला. बीबीसीच्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी तो निवडला गेला आणि ब्रिटनमधील शाळाशाळांत पोहोचला. आम्हा शिक्षकांना त्याचे अप्रूप वाटले यात नवल नाही.

फ्लॉपीवरचा मजकूर नव्या संगणकात उतरवण्याचे मार्ग आहेत. पण अक्कांना कागद हवा होता, पूर्वी होता तसाच.

एक सावधगिरी आधी सांगतो. असे यंत्र माळ्यावरून काढून थेट विजेला लावू नये. त्याच्या वीजपुरवठ्यातले जुने कपॅसिटर तडकतात आणि खोलीभर धूर होतो. आम्ही ते जाणकाराकडून बदलून घेतले. प्रिंटरची फीतही वाळून गेली होती, ती नवी आणली.

मग आली जोडणी. संगणकाच्या पोटाखाली 26 पिनांचे तोंड, प्रिंटरला 36 पिनांचे, मध्ये चपटी पट्टीसारखी तार. आठ तारांवरून एक अक्षर एकदम जाते. आणखी एक तार 'घे' म्हणते, दुसरी 'मिळाले' म्हणून उलट सांगते. 'मिळाले' आल्याशिवाय पुढचे अक्षर निघत नाही. वर्गात श्रुतलेखन घालताना आम्ही दुसरे काय करतो?

प्रिंटर खडखडला आणि आमचा आनंद मावेना. पण कागद पाहतो तो काय, सगळ्या ओळी एकाच ओळीवर छापलेल्या! आज्यांची नावे काळ्या रेघेत बुडाली. अक्कांचा चेहरा उतरला. दोष यंत्राचा नव्हता. 'कागद एक ओळ वर सरकव' ही खूण हा संगणक आपणहून प्रिंटरकडे धाडत नाही, ते काम प्रिंटरने करावे असे धरून चालतो. आमचा प्रिंटर संगणकाची वाट पाहत होता. 'स्टार एफएक्स 6,0' अशी आज्ञा दिली आणि ओळी सुट्या झाल्या.

अक्कांचा पहिला पगार मात्र पौंडाविना छापला गेला. पौंडाच्या चिन्हाला हा संगणक 96 क्रमांक देतो, आणि प्रिंटरच्या लेखी 96 म्हणजे एक तिरका टिंबवजा फराटा. अक्का म्हणाल्या, "राहू दे रे, पगार मला पाठ आहे."

अकरा पाने निघाली. तिसऱ्या पानावर आमच्या पणज्यांचे नाव, जहाजाचे नाव आणि गिरमिटिया म्हणून मिळालेला क्रमांक होता. आमच्या घरी तो क्रमांक कोणालाच माहीत नव्हता. त्या काळचे दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेले आहे. क्रमांक आम्ही वहीत उतरवून घेतला आणि पाने अक्कांच्या उशाशी ठेवली.