सभासदत्व आणि करार : व्यावसायिक गोल्फमधील संघर्षाचे स्वरूप

इंग्रजीतील ‘टूर’ ह्या शब्दाचा सामान्य अर्थ फेरी किंवा प्रवास असा आहे. व्यावसायिक गोल्फच्या परिभाषेत मात्र तो तीन निरनिराळ्या अर्थांनी योजिला जातो : ठिकठिकाणी भरणाऱ्या स्पर्धांची मालिका, ती मालिका चालविणारी संस्था आणि त्या संस्थेच्या खेळाडूंचा समुदाय. हे तिन्ही अर्थ एका शब्दात दीर्घकाळ नांदू शकले, कारण अमेरिकेत ह्या तिहींची फारकत झालेली नव्हती. २०२२ साली ती झाली. ह्या घटनेची चर्चा बहुधा पैशाच्या अंगाने होते. वास्तविक तिच्या मुळाशी निराळाच प्रश्न आहे. खेळाडू हा संस्थेचा सभासद असतो, की करारान्वये तिची सेवा करणारा मनुष्य असतो?

अमेरिकेतील पीजीए टूर ही संस्था स्वतःच एका फुटीतून जन्मास आली. १९६८ साली स्पर्धांत खेळणारे खेळाडू व्यावसायिक गोल्फपटूंच्या जुन्या संघटनेपासून अलग झाले. जुन्या संघटनेत क्लबांतून गोल्फ शिकविणाऱ्यांचा भरणा मोठा होता. दूरचित्रवाणीच्या उत्पन्नावर व स्पर्धांच्या कारभारावर नियंत्रण कोणाचे, हा वादाचा विषय होता. नव्या व्यवस्थेत खेळाडू हा ‘स्वतंत्र व्यावसायिक’ मानला गेला. त्यास वेतन नाही. प्रवासाचा खर्च त्याचा त्यानेच करावयाचा, आणि पहिल्या दोन फेऱ्यांनंतरच्या चाळणीत तो गळाला तर सामान्यतः त्यास बक्षिसाची रक्कम मिळत नसे. पुढील वर्षी स्पर्धांत प्रवेश मिळेल की नाही, हेही त्याच्या कामगिरीवरच ठरे.

तथापि हे स्वातंत्र्य निरपवाद नव्हते. संस्थेची स्पर्धा चालू असता सभासदास अन्यत्र खेळावयाचे असेल तर तिची अनुज्ञा घ्यावी लागे. वर्षात पंधरा स्पर्धा खेळणाऱ्यास परदेशातील स्पर्धांसाठी साधारणतः तीन अनुज्ञा मिळत. उत्तर अमेरिकेतील प्रतिस्पर्धी स्पर्धेसाठी त्या मिळत नसत. शिवाय खेळाडूच्या खेळाच्या प्रक्षेपणाचे हक्क संस्थेकडे असत. ही बंधने सकारण होती. प्रायोजक आणि दूरचित्रवाणी कंपन्या ह्यांना संस्था जे विकते ते नामांकित खेळाडूंच्या उपस्थितीचे आश्वासन असते. ते खेळाडू कोठेही खेळण्यास मोकळे असतील, तर त्या आश्वासनास मोल उरत नाही. म्हणजे सामान्य सभासदाच्या बक्षिसाची तरतूद नामांकितांवरील बंधनातून होत असे.

ह्या व्यवस्थेस पहिले मोठे आव्हान १९९४ साली ग्रेग नॉर्मन ह्या ऑस्ट्रेलियन खेळाडूने दिले. निवडक खेळाडूंची जागतिक मालिका काढण्याची त्याची योजना फलद्रूप झाली नाही. त्याच सुमारास अमेरिकेच्या व्यापार आयोगाने उपर्युक्त दोन नियमांची चौकशी चालविली होती. १९९५ साली ती कारवाईविना संपली. त्यामुळे हे नियम न्याय्य आहेत काय, ह्या प्रश्नाचा निर्णय झालाच नाही.

जून २०२२ मध्ये लंडननजीक लिव्ह गोल्फ ह्या नव्या मालिकेची पहिली स्पर्धा झाली. ‘एल-आय-व्ही’ ही रोमन लिपीतील ५४ ही संख्या. तीन फेऱ्यांची ५४ छिद्रे, ४८ खेळाडू, चाळणी नाही आणि एकूण अडीच कोटी डॉलरची बक्षिसे, असे तिचे रूप होते. भांडवल सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीचे आणि प्रमुख पद नॉर्मनकडे. येथे खेळाडू ठराविक मुदतीचा करार करी आणि अनेकांना करारासाठीच मोठी रक्कम मिळे. पीजीए टूरने तत्काळ १७ खेळाडूंना निलंबित केले. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेअर्स चँपियनशिपमध्ये दुसरा आलेला भारताचा अनिर्बान लाहिरी हाही पुढे नव्या मालिकेत गेला.

ऑगस्टमध्ये अकरा खेळाडूंनी कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा लावला. त्यांपैकी तिघांनी मागितलेला तातडीचा मनाई हुकूम न्यायालयाने नाकारला. जुन्या संस्थेत जे गमवावे लागेल त्याचा हिशोब नव्या करारांत आधीच धरलेला होता, असा त्यामागील विचार होता. इंग्लंडमधील लवादाने एप्रिल २०२३ मध्ये युरोपीय टूरच्या बाजूने निर्णय दिला. येथे क्रिकेटमधील पूर्वोदाहरण आठवल्यावाचून राहत नाही. केरी पॅकरच्या मालिकेत जाणाऱ्यांवर घातलेली बंदी न्यायमूर्ती स्लेड ह्यांनी १९७७ साली व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध ठरविली होती. तेव्हा हिवाळ्यात क्रिकेटपटूला कामाची शाश्वती न देणारी संस्था त्यास दुसरीकडे काम करण्यासही मना करीत होती. सारांश, अशा वादात बंधन आहे किंवा नाही एवढेच पाहिले जात नाही. बंधनाच्या मोबदल्यात काय दिले जाते, हेही पाहिले जाते.

अमेरिकेत मात्र अंतिम निर्णयाची वेळच आली नाही. ६ जून २०२३ रोजी पीजीए टूर, युरोपीय टूर व सौदी निधी ह्यांनी समझोत्याचा आराखडा जाहीर केला आणि दावे मागे घेण्यात आले. एकमेकांचे खेळाडू फोडू नयेत, हे त्यातील कलम अमेरिकेच्या न्याय खात्याने शंका घेतल्यावर जुलैमध्ये वगळण्यात आले. डिसेंबरमध्ये जॉन राम हा अग्रगण्य खेळाडू लिव्हकडे गेला, आणि वर्षअखेरची मुदत अंतिम कराराविना उलटली. जानेवारी २०२४ मध्ये पीजीए टूरने खाजगी गुंतवणूकदारांशी करार केला व आपल्या खेळाडूंना नव्या व्यापारी कंपनीत भागीदारी देऊ केली. सभासदत्वास आता भांडवलाची जोड मिळाली.

उलटपक्षी लिव्ह गोल्फही जुन्या पद्धतीकडे सरकली. २०२६ च्या हंगामासाठी तिने ७२ छिद्रांचा खेळ स्वीकारला. नाव तेवढे चोपन्नाचे राहिले. जानेवारी २०२६ मध्ये लिव्ह सोडून आलेल्या ब्रूक्स केप्काला पीजीए टूरने परत घेतले, परंतु सशर्त : पन्नास लाख डॉलर धर्मादायास द्यावयाचे आणि पाच वर्षे भागीदारीचा लाभ घ्यावयाचा नाही. सभासदत्वाची किंमत संस्थेने अशा रीतीने प्रथमच आकड्यांत मांडली.

ह्या संघर्षात नामांकित खेळाडूंचे नुकसान फारसे संभवत नाही. मास्टर्स, यूएस ओपन, ब्रिटिश ओपन व पीजीए चँपियनशिप ह्या चार प्रमुख स्पर्धा दोन्ही पक्षांच्या मालकीबाहेरच्या असल्याने त्यांचे द्वार पात्र खेळाडूस खुले राहिले. केप्काने २०२३ ची पीजीए चँपियनशिप आणि ब्रायसन डिशँबोने २०२४ ची यूएस ओपन लिव्हमध्ये असतानाच जिंकली. खरा प्रश्न मधल्या फळीतील खेळाडूचा आहे. कराराची मुदत संपली की त्याच्या हाती काही राहत नाही, कारण करार नवा करणे धनकोच्या मर्जीवर असते. दुसरीकडे, पीजीए टूरने २०२६ पासून पूर्ण सभासदत्व राखणाऱ्यांची संख्या १२५ वरून १०० वर आणली. करार मुदतीने बांधलेला आणि सभासदत्व दिवसेंदिवस संकोच पावणारे, अशा दुहेरी अनिश्चिततेत तो सापडला आहे. दोन्ही मालिका एक होवोत वा न होवोत, त्याच्या स्थानाची हमी कोण देणार, ह्याचे उत्तर मिळाल्यावाचून हा वाद मिटला असे म्हणता येणार नाही.